जंतूंची चरबी, करदात्यांचा पैसा आणि रेट्झ यांचं ‘फुकट गेलेलं’ आयुष्य

रसायनी (धागाकर्ता)
अनुदानांच्या धाग्यावर व्यवहारचतुर यांनी परवा ठोकून दिलं : “ड्यूक विद्यापीठातला तो ख्रिश्चन रेट्झ. जन्मभर ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या चरबीत बुडाला होता. औषधं निघाली किती? शून्य. असल्यांना फेलोशिपा वाटणं ही करदात्यांची लूट आहे.” खाली लगेच +१ ची रांग. तिथेच लिहायला बसलो, पण लांबलं आणि डोकंही तापलं, म्हणून वेगळा धागा.

ग्रॅम-निगेटिव्ह म्हणजे भोवती दुहेरी पापुद्रा असलेला जंतू, ई. कोलाय त्यातलाच. त्याचा बाहेरचा पापुद्रा लिपिड ए या चरबीवर उभा असतो. एका ई. कोलायवर साधारण दहा लाख रेणू. व्हँकोमायसिनसारखी अँटिबायोटिक त्या पापुद्र्यापाशीच अडतात. आणि हाच लिपिड ए रक्तात उतरला की ताप, बीपी खाली, सेप्सिस (संसर्गाने शरीरच कोलमडणं). इतकी महत्त्वाची वस्तू, पण १९८० पर्यंत ती जंतूच्या आत कशी तयार होते हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

तेव्हा रेट्झ अमेरिकेत मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात होते. फॉस्फोलिपिड (आवरणातली दुसरी चरबी) बिघडलेला एक म्यूटंट, म्हणजे जनुक बदललेला जंतू, तपासताना त्यात भलतंच एक लिपिड साचलेलं दिसलं. ओळख पटेना म्हणून नाव ठेवलं लिपिड एक्स. १९८३ मध्ये ताकायामा वगैरे मंडळींबरोबर त्याची रचना लावली, तर तो निघाला लिपिड ए चा अर्धा तुकडा. एक ग्लुकोसामीन, दोन मेदाम्लं, एक फॉस्फेट. त्या टोकापासून मागेपुढे जात नऊ एन्झाइमांची अख्खी वाट उलगडली. तिला आज रेट्झ पाथवे म्हणतात. कुणी ‘औषध काढा’ म्हणून मागे लागलं असतं, तर तो म्यूटंट पहिल्याच आठवड्यात सिंकमध्ये गेला असता.

मी इंजेक्शनांच्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासणीला, आहे. एंडोटॉक्सिन टेस्ट (लिपिड ए चं हेच विष शोधणारी चाचणी) पास झाल्याशिवाय आमच्याकडून एक बॅच बाहेर जात नाही. इंजेक्शनच्या पाण्याला मर्यादा मिलिलिटरमागे ०.२५ युनिट. ऑटोक्लेव्हमध्ये जंतू मरतो, लिपिड ए ढिम्म राहतो. काचेच्या बाटल्या २५० अंशांवर भाजाव्या लागतात. तुम्ही शेवटचं सलाइन लावून घेतलंत आणि थंडी वाजली नाही, ती कुणाच्या जिवावर?

व्यवहारचतुर
माझ्या नावाने धागा! धन्य झालो.

एंडोटॉक्सिन टेस्ट रेट्झच्या खात्यावर कशी काय मांडलीत? फ्रेडरिक बँगने जंतूंमुळे हॉर्सशू क्रॅब नावाच्या खेकड्याचं रक्त गोठताना पाहिलं १९५६ ला, त्यावरच ही टेस्ट उभी आहे. रेट्झचा जन्म १९४६ चा. दहा वर्षांचं पोर होतं ते! तुमची बॅच त्या खेकड्याच्या जिवावर बाहेर जाते, त्याला फेलोशिप द्या.

आता औषधांचं बोलू. मर्क कंपनीने रेट्झसकट १९९६ मध्ये एलपीएक्ससी (त्या वाटेवरचं एक एन्झाइम) अडवणारा रेणू ‘सायन्स’ नियतकालिकात छापला. स्यूडोमोनास या जंतूवर चालला नाही. पुढे दुसऱ्या एका कंपनीचा रेणू माणसांपर्यंत पोचला, तर इंजेक्शनच्या जागीच त्रास, पहिल्याच टप्प्यात गाशा गुंडाळला. सेप्सिससाठी एरिटोरान आलं, लिपिड ए चीच नक्कल. सुमारे २००० रुग्ण. २८ दिवसांत औषधवाले २८.१ टक्के गेले, प्लासिबोवाले २६.९. घ्या.

आणि हे मी बाहेरून बोलत नाहीये. मीही जंतूंच्या मेम्ब्रेन फोडत पीएचडीची उमेदीची वर्षं घालवली. फेलोशिप सहा-सहा महिने यायची नाही, सेंट्रिफ्यूज बंद पडला की दुरुस्तीची फाइल टेबलाटेबलावरून फिरायची, आणि गाइडसाहेब ‘मूलभूत विज्ञान असंच असतं’ म्हणत परदेशी परिषदेला. शेवटी सोडली. आज सॉफ्टवेअरमध्ये आहे, सुखी आहे.

निशाचर
वेफर्स घेऊन बसलोय. चालू द्या.

मंजिरी_परदेशी
फेलोशिप वेळेवर आली नाही याचा राग रेट्झवर कशाला? तो आपल्या दिल्लीतल्या बाबूंवर काढा की.

औषध नाही म्हणता. बाबांना इथे आल्यावर नागिणीची लस दिली, शिंग्रिक्स. २०२३ पासून भारतातही मिळते. तिच्या अॅडज्युव्हंटमध्ये (लसीचा परिणाम वाढवणाऱ्या घटकात) एमपीएल असतं, म्हणजे साल्मोनेलाचा लिपिड ए, एक फॉस्फेट उडवून निवळवलेला. विष कमी, चेतवण्याचं काम शाबूत. कोणता फॉस्फेट उडवला हे कळायला रेणूचा नकाशा लागतोच ना?

एरिटोरानची टक्केवारी बरोबर आहे. पण रेट्झच्या वाटेवरचाच एक टप्पा आहे, लिपिड फोर-ए. उंदरात तो एंडोटॉक्सिनसारखा पेटवतो आणि माणसात उलट अडवतो. रेणू तोच! सेप्सिसची औषधं उंदरांवर चालून माणसांवर का आपटतात, यातलं एक कारण त्यातून तरी दिसलं.

लिपिड ए ओळखणाऱ्या टीएलआर४ या आपल्या शरीरातल्या रिसेप्टरसाठी ब्रूस बॉयटलर यांना २०११ चं नोबेल ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं. रेट्झ ऑगस्टमध्येच गेले होते. असो.

आयसीयूवाला
नवीन औषधाचं सोडा. हातात होतं ते कसं घालवलं ते विचारा. कोलिस्टिन, जुनं अँटिबायोटिक. किडन्या मारतं म्हणून सत्तरच्या दशकात अडगळीत टाकलेलं, कार्बापेनेम ही जबर अँटिबायोटिक निकामी व्हायला लागली तसं झक मारत परत काढलं. ते चिकटतं लिपिड ए च्या फॉस्फेटला. जंतू त्या फॉस्फेटवर टोपी चढवतो, मग कोलिस्टिनची पकड सुटते.

गेल्या पावसाळ्यात तिशीतला पेशंट, क्लेब्सिएला जंतूचा संसर्ग, रिपोर्टवर वरपासून खालपर्यंत आर, म्हणजे रेझिस्टंट. भाऊ म्हणतो, डॉक्टर, दुसरं काहीतरी लिहून द्या, जमीन विकतो. काय लिहू?

आणि हे केलं कुणी? पोल्ट्रीवाल्यांनी. पिल्लांचं वजन वाढावं म्हणून खाद्यात कोलिस्टिन! एमसीआर-१ (कोलिस्टिन निकामी करणारं जनुक) चीनमध्ये २०१५ ला सापडला तो डुकरांच्या ई. कोलायमध्ये, तेही प्लास्मिडवर, म्हणजे या जंतूकडून त्या जंतूकडे फिरायला मोकळा. आपल्याकडे बंदी यायला जुलै २०१९ उजाडला. तोवर यांनी नोटा मोजल्या.

शेडवाला_तासगाव
डॉक्टर, जरा सबुरीनं. नोटा मोजणारा शेतकरी दाखवा, मी त्याच्या पाया पडतो.

पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधाच्या बाटल्या कंपनीच्या. आमचं फक्त शेड, लाइट बिल आणि रात्रीची जागरणं. सुपरवायझर म्हणतो पाण्यात सोडा, आम्ही सोडतो. नाही सोडलं आणि मर वाढली, तर कापणार आमच्याच पैशातनं. एफसीआर (किलोभर वजनामागे लागणारं खाद्य) बिघडला तरी आमचाच. एका उन्हाळ्यात निम्मा लॉट झोपला, तेव्हा कुठला शास्त्रज्ञ आला नव्हता विचारायला.

आयसीयूवाला
बाटलीवर नाव छापलेलं असतं. वाचायचं तरी!

शेडवाला_तासगाव
मला वाचायला शिकवू नका. बी.एस्सी. अॅग्री आहे. आमच्या आईला साध्या तापाला तालुक्याच्या डॉक्टरनं एकामागून एक तीन अँटिबायोटिक लावली, ना तपासणी, ना पावती. त्यांनी काय वाचलं होतं?

निशाचर
मेडिकलवाले कसे सुटले यातून? शेड्यूल एच-१ (ठरावीक औषधं चिठ्ठीवरच विकायची, रजिस्टरात नोंदवायची) २०१४ पासून लागू आहे. आमच्या गल्लीत ‘घसा दुखतोय’ म्हटलं की सेफिक्झिमची पट्टी हातात. रजिस्टर बघितलं नाही कधी.

व्यवहारचतुर
बघा! खरी गरज औषध निरीक्षकांची आहे, लिपिड केमिस्टची नाही. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध करताय.

रसायनी
निरीक्षक नेमा आणि शास्त्रज्ञ हाकला, हे एकाच वाक्यात कसं बसतं तुमच्या डोक्यात? सॉफ्टवेअरमध्ये असंच चालतं का?

व्यवहारचतुर
वैयक्तिक होऊ नका. वाटलं तर तुमच्या कारखान्याबद्दलही लिहिता येईल.

मंजिरी_परदेशी
आयसीयूवाला, तुमच्या त्या पेशंटसाठी कोंबडीला फासावर देऊ नका. भारतातल्या रुग्णालयांत कोलिस्टिनला दाद न देणारा क्लेब्सिएला तपासला की एमसीआर क्वचित सापडतो. बहुतेकदा मोडलेलं असतं ते एमजीआरबी हे जंतूचंच एक जनुक. ते मोडलं की फो-पीक्यू ही जंतूची नियंत्रण यंत्रणा मोकाट सुटते आणि लिपिड ए वर अमिनोअॅरॅबिनोज चढते. हीच तुमची ‘टोपी’. ती साखर कशी बनते आणि लिपिड ए वर कोणतं एन्झाइम बसवतं, हे काम कुणाच्या लॅबचं? रेट्झच्या. आणि हा बदल घडायला पोल्ट्री लागत नाही. वॉर्डात कोलिस्टिन चालू असलं की पुरे.

शेडवाला_तासगाव
म्हंजे कारखाना डॉक्टरांच्याच वॉर्डात निघाला. कोंबड्यांना निरोप देतो.

आयसीयूवाला
क्वचित म्हणजे मुळीच नाही असं होत नाही. बंदी योग्यच होती आणि उशिरा आली, यावरून मी हलणार नाही. त्या पेशंटचं जीन कुणी पाहिलं नव्हतं, हे मान्य. आमच्याकडे कल्चर तीन दिवसांनी येतं, जीन कुठून पाहणार? आणि कोलिस्टिन देऊ नका म्हणणाऱ्यांनी एक रात्र येऊन ड्यूटी करावी.

व्यवहारचतुर
एमजीआरबी कळलं, टोपीही कळली. त्या तिशीतल्या माणसाला काय मिळालं?

मंजिरी_परदेशी
त्याला काही नाही.

रसायनी
पुढच्याला मिळेल कदाचित. झोसुराबाल्पिन हे नवं अँटिबायोटिक, रोश कंपनी आणि हार्वर्ड, जानेवारी २०२४ चं ‘नेचर’ नियतकालिक. तयार झालेला लिपोपॉलिसॅकराइड (लिपिड ए आणि त्यावरची साखरेची साखळी) बाहेरच्या पापुद्र्यापर्यंत वाहून नेणारी यंत्रणाच ते अडवतं. कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या अॅसिनेटोबॅक्टर जंतूवर चालतं. माणसांवरच्या चाचण्या सुरू आहेत. या चरबीवर कुणी आयुष्यं घालवली नसती, तर अडवायचं काय हे रोशला स्वप्नात दिसणार होतं का?

व्यवहारचतुर
एका जंतूवर चालणारं, अजून बाजारात न आलेलं. ठीक. तुमच्या रेट्झला आठ आणे दिले. उरलेले आठ ते औषध सरकारी दवाखान्यात मिळेल तेव्हा. गाइडला मात्र एक पैसा देणार नाही.

शेडवाला_तासगाव
तुमचे आणे-पैसे चालू द्या. बंदी आल्यापासून सुपरवायझर बिनलेबलची पुडी देतो, ‘टॉनिक आहे’ म्हणतो. त्यात काय आहे हे कुठं तपासून मिळंल?

रसायनी
औषध कायद्याच्या कलम २६ खाली कुणालाही फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. पण ते विकत घेतलेल्या औषधाला, म्हणजे बिल हवं. ते नसेल तर एफडीएच्या जिल्हा कार्यालयात औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या, नमुना तेच घेतील. पुडी फोडू नका, कोणत्या लॉटला दिली ते लिहून ठेवा.

शेडवाला_तासगाव
तक्रारीवर माझं नाव येणार. मग पुढची पिल्लं शेडात कोण टाकणार, तुम्ही?