ओना जज परत यायला तयार होती, वॉशिंग्टनच तयार नव्हते

सांजवारा (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात भाचीला फिलाडेल्फियाची लिबर्टी बेल दाखवायला नेलं. त्या इमारतीच्या दाराशीच जुन्या राष्ट्राध्यक्ष-निवासाची जागा आहे. तिथल्या भिंतीवर नऊ नावं कोरलीत. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन पदावर असताना त्या घरात राबणारे हे नऊ गुलाम. एक नाव 'ओनी', म्हणजे ओना जज.

ओना ही त्यांच्या पत्नीची, मार्था वॉशिंग्टनची, खास दासी, शिवणकामात तरबेज. १७९६ मध्ये तिला कळलं की बाईसाहेब तिला आपल्या नातीला, इलायझाला, देऊन टाकणार. घरात व्हर्जिनियाला जायची बांधाबांध चालली होती. हिनेही आपली बांधाबांध केली, सामान आधीच गावातल्या काळ्या मित्रमंडळींकडे पोचवलं आणि २१ मे रोजी मंडळी जेवायला बसली तशी घराबाहेर पडली. 'नॅन्सी' जहाजाने थेट न्यू हॅम्पशायरमधलं पोर्ट्समथ. लगोलग पेपरात जाहिरात: उजळ वर्ण, अंगावर बरेच ठिपके, डोळे काळेभोर, केस दाट, आणून देणाऱ्यास दहा डॉलर. वर शेरा असा, की हिला पळून जायला काही कारणच नव्हतं!

वॉशिंग्टनच्या गुलामांचा विषय निघाला की येणारं 'अहो, ते त्या काळचे होते' हे पालुपद मला पटत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला की सुटका मागू शकायचा. म्हणून मुदत भरायच्या आत एकेकाला राज्याबाहेर नेऊन आणायचं, अशी युक्ती. १७९१ मध्ये वॉशिंग्टन आपल्या सचिवाला, टोबायस लिअरला, लिहितात की हे अशा निमित्ताने करा की त्यांनाही कळू नये आणि लोकांनाही. चूक वाटत नव्हतं, तर लपवाछपवी कशाला?

काळा कोट

ताई, सहा महिन्यांचा मुद्दा मान्य. पण ओना वॉशिंग्टनच्या मालकीची नव्हतीच. मार्थाचा पहिला नवरा कस्टिस मृत्युपत्र न करता गेला. त्याच्या इस्टेटीत तिला एक तृतीयांश वाटा मिळाला, तोही हयातीपुरता. ओना त्या वाट्यातली. वापरायची, पण विकायची नाही आणि सोडायचीही नाही. मार्थाच्या पश्चात सगळं कस्टिस वारसांकडे. आपल्याकडे १९५६ पूर्वी हिंदू विधवेचा हक्क मर्यादित असायचा, साधारण त्याच जातीचं प्रकरण. नवऱ्याने उदार व्हायचं ठरवलं तरी कायदा आड येणार.

सांजवारा

भरपाई देऊन सोडवता आलं असतं, पण ते राहू द्या. कायद्याची अडचण असती तर त्यांनी तीच सांगितली असती ना? पोर्ट्समथचा कस्टम कलेक्टर जोसेफ व्हिपल तिला भेटला. ती म्हणाली, साहेब आणि बाईसाहेब आहेत तोवर परत येऊन राबते, पण दोघांच्या पश्चात मी मोकळी, एवढा शब्द द्या. २८ नोव्हेंबरला वॉशिंग्टनचं उत्तर गेलं: अशी तडजोड अशक्य, कारण बेइमानीला बक्षीस दिल्यासारखं होईल आणि निष्ठेने राहिलेल्यांवर अन्याय. वारसांबिरसांवर ढकललं नाही.

खडूस काका

सगळा राग एकाच माणसावर का? मृत्युपत्रात त्यांनी आपल्या मालकीचे १२३ गुलाम मुक्त केले. नंतरचे राष्ट्राध्यक्ष बघा, जेफरसननी मृत्युपत्राने पाच सोडले, मॅडिसननी एकही नाही. ह्या रांगेत वॉशिंग्टन पुढेच आहेत. आज फोनवर बसून १७९६ चा न्याय करणं सोपं आहे.

मिठाचा खडा

काका, ती रांगच मुळात चुकीची आहे. तुम्ही मालकांची मालकांशी तुलना करताय. त्याच काळात त्या व्हिपलला विचारा की! त्याने आधी ओनाला फसवून जहाजावर चढवायचा घाट घातला. पण तिच्याशी बोलल्यावर त्याने हात टेकले आणि कळवलं की तिला सुटका हवी आहे, इथलं लोकमतही तिच्याच बाजूचं आहे. तोही १७९६ चाच माणूस.

आणखी एक. पळालेले गुलाम धरून आणायचा कायदा १७९३ मध्ये खुद्द वॉशिंग्टनच्या सहीने झाला. त्यात मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहून मालकी सिद्ध करायची उघड वाट होती. ती सोडून साहेबांनी अर्थमंत्री वोल्कॉटला गाठलं आणि त्याच्यामार्फत कस्टमवाल्याला. घरच्या कामाला सरकारी माणूस. हे आपल्याला नवीन नाही म्हणा.

काळा कोट

ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मृत्युपत्राचं श्रेय काढून घेऊ नका.

सांजवारा

काढत नाही. पण १७९९ मध्ये, मृत्युपत्र लिहिलं त्याच वर्षी, मार्थाचा भाचा बॅसेट पुन्हा ओनाला न्यायला पोर्ट्समथला गेला होता. तोवर ती लग्न होऊन लेकुरवाळी झालेली. आई गुलाम म्हणून ते मूलही कायद्याने कस्टिसांचंच. सेनेटर लँग्डनच्या घरून तिला बॅसेटच्या बेताचा निरोप पोचला, म्हणून वाचली.

रानफूल

वाचनमात्र होते, पण राहवत नाही. ती इलायझा म्हणजे थॉमस लॉची बायको ना? हा कंपनी सरकारचा बिहारमधला कलेक्टर. भारतात पैसा करून अमेरिकेत गेला, भारतात झालेली मुलंही सोबत नेली. ओना मिळाली नाही, मग इलायझाकडे कोण गेलं?

सांजवारा

डेल्फी. ओनाची धाकटी बहीण.