हेडसेटमधले गुण वाढले, पण बाबांना चालताना बोलता का येत नाही?

बाबांची लेक
बाबा ७१ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हातापायांत ताकद परत आली, पण एका वेळी दोन गोष्टी जमत नाहीत. परवा पाण्याचा पेला घेऊन येत होते. मी सहज विचारलं, "बाबा, गोळी घेतलीत का?" ते जागीच थबकले. आठवून "हो" म्हणेपर्यंत पेला कलंडला, निम्मं पाणी फरशीवर. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. फार वाईट वाटलं.

दीड महिना व्हीआर हेडसेट (डोळ्यांसमोर आभासी जग दाखवणारं यंत्र) लावून सराव चालू आहे. खुर्चीत बसून एका हाताने गाडी वळवायची, हिरवी खूण दिसली की दुसऱ्या हाताने बटण दाबायचं, लाल दिसली तर नाही. गुण दुप्पट झालेत. पेला मात्र अजून कलंडतो. सराव चुकतोय का?

फिजिओ, वृद्धांसोबत काम
ताई, तुम्ही नेमकं हेरलंत. मेंदू अशी दोन कामं खरं तर एकदम करत नाही, एकावरून दुसऱ्यावर भराभर उड्या मारतो. एरवी चालणं आपसूक होतं, म्हणून बोलायला लक्ष उरतं. बाबांचं बरंचसं लक्ष पाऊल टाकण्यातच खर्च होतंय. बोलताना पाय थांबणाऱ्या वृद्धांना पडण्याचा धोका जास्त असतो, हे १९९७ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. त्यामुळे तूर्त ते चालत असताना प्रश्न विचारू नका.

हेडसेट वाया गेला असं नाही. २०१३ साली मेंदूशास्त्रज्ञ अ‍ॅडम गझाली यांच्या गटाने ६० ते ८५ वयाच्या लोकांकडून 'न्यूरोरेसर' हा असाच गाडीचा खेळ महिनाभरात १२ तास खेळवून घेतला. दोन कामं सांभाळणं सुधारलं आणि सहा महिन्यांनीही टिकलं. पण ते बसून, पडद्यासमोर. खुर्चीत बसून पायांना काय शिकवणार?

२०१६ च्या एका अभ्यासात आधी पडलेले ३०२ वृद्ध होते. काहीजण नुसते ट्रेडमिलवर चालले, बाकीच्यांना चालतानाच समोरच्या पडद्यावरचे अडथळे चुकवायचे होते. आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. पुढच्या सहा महिन्यांत अडथळेवाले बरेच कमी पडले. ते पक्षाघाताचे रुग्ण नव्हते, तरी दिशा मला पटते: चालणं सरावातच हवं. तुमच्या फिजिओंच्या देखरेखीखाली रिकाम्या हाताने चालत वार उलटे म्हणायला लावा. मग रिकामा पेला, मग तळाशी थोडं पाणी. हेडसेट घालून घरात चालणं मात्र अजिबात नको.

माझाही सराव चालू
डोक्याला मार लागल्यानंतर मीही हेडसेट वापरतो. डोळ्यांना वेग दिसतो, कानातल्या तोलाच्या यंत्रणेला तो जाणवत नाही, म्हणून मळमळतं. दहा मिनिटांत काढा आणि काकांना लगेच उठवू नका. माझा एकदा तोल गेला होता, दाराची चौकट हाताशी होती म्हणून वाचलो.

बाबांची लेक
दोघांचेही मनापासून आभार. आज आमच्या फिजिओंना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी बाबांच्या कमरेला पट्टा बांधून तो धरला आणि हातात रिकामा पेला दिला. शनिवार, शुक्रवार, गुरुवार... बुधवारपाशी अडकले. पेला कलंडला, पण पाय चालत राहिले.