डिग्री पुरी करू की आत्ताच अग्निवीरला जाऊ?

खानापूरचा_पोरगा: नमस्कार मंडळी. बेळगावात बीएस्सी सेकंड इयरला हाय, वय २०. एनसीसीत हाय, बी सर्टिफिकेटची परीक्षा आत्ताच दिली. मिलिटरीतच जायचंय हे पक्कं, खरं आत्ता अग्निवीरचा फॉर्म भरू की डिग्री करून ऑफिसरसाठी बघू कळेना. क्लास, पुस्तकं सगळं धरून दहा हजाराच्या वर जमणार नाही.

निपाणी_०७: सरळ पुण्याला जा. मी सीडीएसचा (ऑफिसर भरतीच्या लेखी परीक्षेचा) क्लास लावला, राहणं-खाणं धरून दीड लाख गेले, रिटन दोनदा निघाली, एसएसबीला (ऑफिसर निवडीच्या मुलाखतीला) अडकलो. खरं क्लासशिवाय होत नाही बघ.

माजी_सुभेदार: मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली. दहावीवर भरती झालो. माझ्या कंपनीत २३ वर्षांचे लेफ्टनंट साहेब आले, मी चाळिशीचा, सॅल्यूट मीच मारायचा. माणूस लई चांगला, खरं त्यांच्याकडं डिग्री होती. बाळा, डिग्री सोडू नको.

चिकोडी_रनर: आधी बूट घे चांगले. मी सहा हजाराचे घेतले, भरतीची १.६ किमी साडेपाच मिनिटांच्या आत आली, पुरे ६० मार्क.

माजी_सुभेदार: आम्ही कॅनव्हासच्या बुटात पळलो हो.

चिकोडी_रनर: काका, तेव्हाची भरती वेगळी. माझा गुडघा साध्या बुटानं गेला होता, म्हणून सांगालोय.

उचगाव_एनसीसी: बूट राहू द्या की, पोरानं विचारलंय काय! ऐक भावा, तू एनसीसीत हायस ही मोठी गोष्ट. थर्ड इयरला सी सर्टिफिकेट काढ, किमान बी ग्रेड पाहिजे, डिग्रीला ५० टक्के. मग ऑफिसरच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला लेखी परीक्षाच नाही, शॉर्टलिस्ट झालास की थेट एसएसबी. वय १९ ते २५. फायनल इयरवालेपण अर्ज करतात. निवड झाली की चेन्नईला ओटीए (ऑफिसरांची ट्रेनिंग अकॅडमी), शॉर्ट सर्व्हिस दहा वर्षं, पुढं चार वाढवून मिळू शकतात. खर्च जवळपास शून्य.

बेळगाव_कॅम्प: माझ्या बहिणीला चालेल काय हे? ती पण एनसीसीत हाय.

उचगाव_एनसीसी: चालतंय की, मुलींना वेगळ्या जागा असतात.

निपाणी_०७: एसएसबीला पाच दिवस इंग्लिश बोलावं लागतंय, मराठी मीडियमच्या पोरांची तिथंच गोची होते. क्लास लाव.

माजी_सुभेदार: क्लासचं राहू दे, मी आधीच म्हणालो, डिग्री पुरी कर. अग्निवीरला चार वर्षांनी चारातला एकच ठेवतात, बाकीचे अकरा-बारा लाखाचा सेवानिधी घेऊन घरी. पंचविशीत परत सुरुवात.

खानापूरचा_पोरगा: सगळ्यांचे आभार, काकांचं तर दोनदा वाचलं. खरं घरची गोष्ट सांगितली नव्हती. बाबांनी उसावर सोसायटीचं कर्ज काढलंय, बहीण बारावीला. पहिल्या वर्षी हातात २१ हजार येतात, त्यातले पंधरा तरी घरी पाठवीन, म्हणून काल अग्निवीरचा फॉर्म भरला. कॉलेज लगेच सोडत नाही, सिलेक्शन होईपर्यंत परेड आणि परीक्षा दोन्ही चालू. निवड झाली तर डिग्री इग्नूतून करणार, अग्निवीरांना ट्रेनिंगचे क्रेडिट मिळतात असं कळलंय.

उचगाव_एनसीसी: सी सर्टिफिकेट हातचं जाईल रे.

खानापूरचा_पोरगा: माहीत हाय दादा. वाईट मलापण वाटालंय.

माजी_सुभेदार: रविवारी पहाटे पाचला कॅम्पात ये. १.६ किमीची प्रॅक्टिस मी लावून घेतो.