डीएसपी चिप्स शिकायच्यात, नेमकी सुरुवात कुठून करू?

अर्धवट_सर्किट

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात किडा वळवळतोय की डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग (डीएसपी, म्हणजे आवाजासारख्या सिग्नलचे आकडे करून त्यांच्यावर गणित करणं) नुसतं वाचण्यापेक्षा स्वतः चिपवर करून बघायचं. आर्डुइनोवर हात बसलाय, सी येतं, बारीक पायांच्या चिप्स सोल्डर करता येतात. गणिताचं विचाराल तर कॉलेजात फूरिए ट्रान्सफॉर्म होता, पेपर सुटला, विषय संपला.

करायचंय ते असं: एक म्हणजे स्टिरिओ स्पीकरसाठी टू-वे क्रॉसओव्हर, खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला असे वेगळे काढायचे आणि जमलं तर थोडा ईक्यू (काही सूर कमीजास्त करणं). दुसरं गिटारसाठी डिले, कोरस वगैरे इफेक्ट. घाई अजिबात नाहीये, पण उगाच चुकीच्या बोर्डात पैसे घालायचे नाहीयेत.

एका जुन्या मोडेमच्या बोर्डवर टीएमएस३२० अशा नंबरची चिप सापडलीय, ती काढून वापरता येईल का? आणि खास डीएसपी चिपच घ्यायला हवी का हल्लीचे मायक्रोकंट्रोलर पुरतात? असेंब्लीशिवाय गत्यंतर नाही असं एकीकडे वाचलं, दुसरीकडे वाचलं की आता कोणी असेंब्लीला हात पण लावत नाही. जाणकारांनी जरा उजेड पाडा.

रात्रपाळी

मोडेममधली चिप तिथेच राहू द्या. तसल्या चिप्समध्ये बऱ्याचदा प्रोग्राम कारखान्यातच रॉममध्ये कोरलेला असतो, तो तुम्हाला बदलता येत नाही, आणि नसला कोरलेला तरी बाहेरची मेमरी, जेटॅगचं (चिपमध्ये प्रोग्राम भरायचं आणि तपासायचं) साधन, त्या काळचा कंपायलर हे सगळं जमवता जमवता उत्साह संपेल. शोकेसमध्ये ठेवायला मात्र झकास आहे.

आता मुद्द्याचं. डीएसपी चिप वेगळी का असायची हे एकदा कळलं की घ्यायची का नाही ते आपोआप ठरतं. फिल्टर म्हणजे शेवटी काय, गुणाकार करा, आधीच्या बेरजेत मिळवा, पुढचा नमुना (सिग्नलचं त्या क्षणाचं मोजमाप) घ्या, परत तेच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस३२०१० १९८३ साली बाजारात आली तेव्हा तिच्यात १६ बिटचा गुणाकार एका इन्स्ट्रक्शनमध्ये, २०० नॅनोसेकंदात व्हायचा, आणि त्या वेळच्या साध्या प्रोसेसरला गुणाकार म्हणजे बरीच सायकल्स (चिपच्या घड्याळाचे ठोके) खाणारं काम. शिवाय प्रोग्राम आणि डेटा वेगवेगळ्या बसवरून, पुढच्या पिढ्यांमध्ये गोल फिरणारा बफर (नमुने तात्पुरते ठेवायची जागा) हार्डवेअरमध्येच, लूपचा खर्च शून्य, अशा सगळ्या सोयी येत गेल्या. आज कॉर्टेक्स-एम४ या मायक्रोकंट्रोलरमधल्या प्रोसेसरमध्ये एका सायकलचा मल्टिप्लाय-अॅक्युम्युलेट (तेच, गुणा आणि मिळवा) आहे, बऱ्याच चिप्सवर फ्लोटिंग पॉइंट युनिट (दशांशाचं गणित करणारा भाग) आहे, आणि सीएमसिस-डीएसपी नावाची फुकट लायब्ररी आहे ज्यात फिल्टर, एफएफटी (झटपट फूरिए ट्रान्सफॉर्म) सगळं तयार मिळतं. म्हणजे छंदापुरती ती जुनी सीमारेषा जवळपास पुसली गेलीये.

हिशोब करून बघा. एसटीएम३२एफ४०७ ही एम४ वाली चिप चालते १६८ मेगाहर्ट्झवर. ऑडिओ ४८००० नमुने दर सेकंदाला. भागाकार केला की प्रत्येक नमुन्यामागे ३५०० सायकल्स मिळतात. तुमचा क्रॉसओव्हर चौथ्या ऑर्डरचा लिंकविट्झ-रायली (क्रॉसओव्हरचा एक प्रकार) धरला तर प्रत्येक आउटपुटला दोन बायक्वाड (फिल्टरचे छोटे ठोकळे), चार आउटपुट, म्हणजे आठ बायक्वाड, एकेकात पाच गुणाकार. चाळीस गुणाकार झाले फक्त! चिप बाकी वेळ माश्या मारत बसणार. शार्कसारखा मोठा डीएसपी प्रोसेसर यासाठी घेणं म्हणजे कोपऱ्यावरून पेपर आणायला ट्रक काढण्यासारखं आहे, त्यात त्यांचं डेव्हलपमेंटचं सॉफ्टवेअर पण विकतचं.

असेंब्लीचं म्हणाल तर लिहायची गरज नाही, वाचता आली तर बरं. कंपायलरने आतल्या लूपचं काय केलंय हे कधीतरी बघावंसं वाटतंच.

आणि हो, बोर्ड येईपर्यंत थांबू नका. लॅपटॉपवर साध्या सीमध्ये एक फंक्शन लिहा, आत नमुन्यांचा अॅरे, बाहेर नमुन्यांचा अॅरे, त्यातून एक वेव्ह फाइल घालून बघा, कानाने ऐका. तेच फंक्शन जसंच्या तसं बोर्डवर जातं. फिल्टरमध्ये घोळ आहे का वायरिंगमध्ये हा प्रश्नच मग उरत नाही, आणि हा प्रश्न भल्याभल्यांचे वीकेंड खातो.

खडखडाट

रात्रपाळींचं बरोबर आहे पण क्रॉसओव्हरच हवा असेल तर मी म्हणेन कोड लिहूच नका, निदान पहिल्या फेरीत. अॅनालॉग डिव्हायसेसची एडीएयू१७०१ बघा. सिग्माडीएसपी कुटुंबातली आहे, चिपमध्येच दोन एडीसी (सिग्नलचे आकडे करणारे) आणि चार डीएसी (आकड्यांचा परत सिग्नल करणारे), म्हणजे स्टिरिओ आत आणि दोन वूफर दोन ट्वीटर बाहेर, जणू तुमच्याच प्रोजेक्टसाठी काढलीये. सिग्मास्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे (फक्त विंडोजवर चालतं, तेवढं ध्यानात ठेवा), त्यात फिल्टरचे ठोकळे ओढायचे, रेघांनी जोडायचे, चिपवर पाठवायचं, आणि मग गाणं चालू असताना स्लायडर हलवला की स्पीकरमधून फरक लगेच ऐकू येतो. कटऑफ (वूफर-ट्वीटरमधल्या वाटणीची फ्रिक्वेन्सी) २ किलोहर्ट्झवरून ३ वर नेला की आवाजाचं काय होतं हे असं कानाने कळलं की पुस्तकातला ग्राफ नुसता ग्राफ राहत नाही.

फक्त दोन-तीन गोष्टींवर गाडी अडते म्हणून सांगून ठेवतो. चिपशी बोलायला यूएसबी प्रोग्रामर लागतो, तो बोर्डसोबत येतोच असं नाही. प्रोग्राम चिपमध्ये टिकत नाही, पॉवर गेली की गेला, कायमचा ठेवायचा तर बाजूच्या ईईप्रॉममध्ये (पॉवर गेली तरी टिकणारी मेमरी) लिहून सेल्फबूटचा (चिपने सुरू होताना तिथून वाचावं म्हणून) जंपर लावायचा, आणि ईईप्रॉमची राइट-प्रोटेक्टची पिन वर असेल तर लिहिलं जात नाही, कित्येकदा सॉफ्टवेअर तक्रारही करत नाही, नुसतं गप्प. चिप खराब आहे अशा पोस्टी नेटवर पडतात त्यातल्या बऱ्याच या पिनपाशी येऊन थांबतात.

गिटारच्या डिलेला मात्र ही चालणार नाही. तिची डेटा मेमरी २०४८ शब्दांची, ४८ किलोहर्ट्झला भागून बघा, जेमतेम ४२ मिलिसेकंद. कोरस होईल, डिले कसला होतोय. त्यासाठी एफव्ही-१ नावाची स्पिन सेमिकंडक्टरची चिप आहे, एक सेकंदाची डिले मेमरी आतच, तीन पोटेन्शिओमीटर थेट जोडता येतात, आठ प्रोग्राम आधीपासून भरलेले आणि आणखी आठ बाहेरच्या ईईप्रॉममधून. तिची असेंब्ली लिहावी लागते पण एका प्रोग्रामला फक्त १२८ इन्स्ट्रक्शनच मिळतात, त्यामुळे डोंगर वगैरे काही नाही. उलट असेंब्ली शिकायची हौस असेल तर इतकी आटोपशीर जागा दुसरी नाही.

नायक्विस्टचा_पुतण्या

वरचे दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत पण मी थोडा विरोधी सूर लावतो. फ्लोटिंग पॉइंट आणि ओढाओढीचे ठोकळे यावर सगळं छान चालतं आणि माणूस काहीच शिकत नाही. धाग्याचं नाव "शिकायच्यात" आहे म्हणून बोलतोय, नाहीतर गप्प बसलो असतो.

फिक्स्ड पॉइंट एकदा हाताखालून घाला. क्यू१५ म्हणजे काय तर १६ बिटचा पूर्णांकच, आपण फक्त मानायचं की -३२७६८ म्हणजे -१ आणि ३२७६७ म्हणजे १ ला किंचित कमी. आता साध्या सीमध्ये बेरीज ३२७६७ च्या पुढे गेली आणि तुम्ही ती परत १६ बिटमध्ये कोंबली की आकडा उलटून थेट -३२७६८ च्या बाजूला पडतो, स्पीकरमध्ये कानठळ्या बसवणारा कडाका. डीएसपीमध्ये सॅच्युरेशन असतं, म्हणजे आकडा टोकाला जाऊन तिथेच थांबतो, आवाज फाटतो पण उलटत नाही. एम४ मध्येही त्यासाठी वेगळ्या इन्स्ट्रक्शन्स आहेत, फक्त साध्या अधिक चिन्हाने त्या वापरल्या जात नाहीत, ते आपल्याला सांगावं लागतं.

दुसरी गंमत, ही कागदावर करून बघा. ४८ किलोहर्ट्झवर ५० हर्ट्झची गुणगुण काढायचा नॉच फिल्टर हवाय. त्यातला एक गुणांक (नमुन्याला गुणायचा ठरलेला आकडा) येतो १.९९९९५७ च्या आसपास. दोनच्या इतका जवळचा आकडा क्यू१५ मध्ये मावत नाही म्हणून क्यू१४ (तेच, पण पल्ला -२ ते २) घेतला, तर १६ बिटमध्ये सगळ्यात मोठा आकडा मिळतो १.९९९९३९. फरक पाचव्या दशांशात! पण या आकड्याने नॉच कुठे जाऊन बसतो ते काढलं तर जवळपास ६० हर्ट्झ. त्याच्या अलीकडचा आकडा घेतला तर ८४. मधलं काही उपलब्धच नाही. म्हणजे कोड बरोबर, सूत्र बरोबर, कंपायलर बरोबर, आणि गुणगुण जागच्या जागी. उपाय आहेतच, ३२ बिटचे गुणांक घ्या किंवा सिग्नलचा सॅम्पल रेट आधी खाली आणा, पण हे असं का होतं ते एकदा कळलं की एडीएयू१७०१ मध्ये आकडे २८ बिटचे का ठेवलेत किंवा १९८६ सालच्या मोटोरोलाच्या ५६००० मध्ये २४ बिट का होते हे वेगळं समजवावं लागत नाही. ऑडिओवाल्यांना १६ पुरत नव्हते.

फ्लोटमध्ये हे सगळं झाकलं जातं. झाकलेलं बरं हे मान्य, पण खाली काय आहे ते ठाऊक असावं.

रात्रपाळी

पुतणे, मुद्दा मान्य, क्रम अमान्य. पहिल्याच दिवशी क्यू१४ च्या नादी लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी बोर्ड ड्रॉवरमध्ये टाकतो. आधी फ्लोटमध्ये आवाज निघू दे, मग तोच फिल्टर पूर्णांकात करून दोन्हींच्या आउटपुटची वजाबाकी लॅपटॉपवर बघायची. शिकायचंही होतं आणि रडायलाही येत नाही.

अर्धवट_सर्किट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. क्रॉसओव्हर एडीएयू१७०१ वर करतो हे ठरलं. गिटारचं मात्र मला सीमध्येच लिहायचंय, त्यासाठी एसटीएम३२एफ४ डिस्कव्हरी बोर्ड एका मित्राकडे पडून आहे तो मिळतोय. त्यावर डीएसी आहे, मायक्रोफोन पण आहे, तर गिटार थेट लावता येईल ना? डिले किती मिळेल? आणि बफर किती नमुन्यांचा ठेवायचा, लहान ठेवला तर बोट आणि आवाज यातलं अंतर कमी होईल एवढं कळतंय.

रात्रपाळी

थेट नाही लागणार. त्या बोर्डवर ऑडिओचा डीएसी आहे पण लाइन-इनसाठी ऑडिओ एडीसी नाहीये, आणि मायक्रोफोन आहे तो एक बिटच्या वेगवान प्रवाहात डेटा देतो, त्याला गिटार कुठे जोडणार. आयटूएसवाला (ऑडिओचे आकडे नेणारी जोडणी) कोडेक बोर्ड (एडीसी आणि डीएसी एकत्र) वेगळा घ्या, डब्ल्यूएम८७३१ किंवा एसजीटीएल५००० वाला चालेल. गिटार आणि कोडेकच्या मध्ये ऑपअॅम्पचा बफर (सिग्नल न दाबता पुढे देणारं छोटं सर्किट) लागेलच, गिटारच्या पिकअपला साधारण १ मेगाओहमचा इनपुट हवा असतो, कोडेकची लाइन-इन त्याच्या कैक पट कमी, थेट जोडलं तर वरचा सूर मेल्यासारखा ऐकू येतो आणि माणूस फिल्टरमध्ये चूक शोधत बसतो. टीएल०७२ हा ऑपअॅम्प ९ व्होल्टवर चालवा, काम होतं.

मेमरी: एक सेकंद मोनो, ४८ किलोहर्ट्झ, फ्लोटमध्ये ठेवलं तर १९२ किलोबाइट, आणि एफ४०७ ची एकूण रॅमच तेवढी आहे. त्यामुळे डिलेचा बफर १६ बिटमध्ये ठेवा, ९६ किलोबाइट होतो, बाकीचं गणित फ्लोटमध्ये. (पुतणे खूश.) यापेक्षा लांब डिले हवे झाले तर पुढे कधीतरी डेझी सीड हा बोर्ड बघा, त्यावर ६४ मेगाबाइट एसडीरॅम आणि कोडेक दोन्ही आहे. टीन्सी ४ (हाही बोर्डच) पण छान आहे, ६०० मेगाहर्ट्झ, तिची ऑडिओ लायब्ररी १२८ नमुन्यांच्या ब्लॉकने चालते.

ब्लॉक (एका वेळी हाताळायच्या नमुन्यांचा गठ्ठा) ६४ चा ठेवा. ६४ भागिले ४८००० म्हणजे १.३३ मिलिसेकंद. डीएमएला (प्रोसेसरला न अडवता डेटा हलवणारा भाग) दुहेरी बफर द्या, एक अर्धा भरत असतो तेव्हा दुसऱ्या अर्ध्यावर तुम्ही काम करता, आत-बाहेर मिळून पावणेतीन मिलिसेकंदाच्या आसपास उशीर, त्यात कोडेकचा थोडासा. वाजवताना जाणवत नाही. पहिला प्रोग्राम फक्त आलेलं तसंच बाहेर टाकणारा लिहा आणि तो तासभर न अडखळता चालल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खडखडाट

त्यात एक भर. ब्लॉकचं काम सुरू होताना एखादी मोकळी पिन वर करायची, संपलं की खाली, आणि लॉजिक अॅनालायझर (पिन कधी वर, कधी खाली ते दाखवणारं साधन) लावून ठेवायचा, साधातला साधा चालतो. पिन १.३३ पैकी किती वेळ वर आहे ते डोळ्यांना दिसतं. निम्म्यापर्यंत असेल तर निवांत, ९० टक्क्याला गेली की पुढच्या इफेक्टला टिकटिक सुरू होणार हे आधीच कळतं.

आणि कोडमध्ये ०.५ असं लिहिलंत तर सीच्या नियमाने ते डबल (६४ बिटचं) असतं, एम४ चं हार्डवेअर फक्त सिंगल प्रिसिजनचं (३२ बिटचं), मग तो गुणाकार सॉफ्टवेअरमध्ये रखडत होतो. आकड्याच्या शेवटी एफ लावायचा, साइनसाठी साइनएफ वापरायचं. जीसीसी कंपायलरला डबल-प्रमोशनची वॉर्निंग चालू करून ठेवा, कुठे निसटलंय ते ओळ नंबरासकट सांगतो. मग ती पिन वर असण्याचा वेळ अचानक बराच कमी होतो, बघाच.