मदत हवी आहे : दारातले ख्रिसमसचे झाड आटोक्यात कसे ठेवावे? (सातारा)

किल्ल्याखालचे_घर
नमस्कार. आमच्या दारातले ख्रिसमसचे झाड हाताबाहेर गेले आहे आणि पाऊस तोंडावर आला आहे. येत्या रविवारी झाडे छाटणारा माणूस येणार असून, निम्म्यावर कापून टाकू म्हणजे पुढची पाच वर्षे बघायला नको, असे त्याचे म्हणणे आहे. शेजाऱ्यांनी दोनदा तक्रार केली आहे. झाड तोडायचे नाही, कारण माझ्या सासूबाईंनी ते कुंडीत आणून वाढवले होते. फक्त उंची आणि घेर आवाक्यात राहायला हवा. निम्म्यावर कापले तर चालेल का, एवढेच कृपया शनिवारच्या आत सांगावे.

सूचिपर्णी
एवढ्या माहितीवर उत्तर देणे कठीण आहे. ख्रिसमसचे झाड या नावाखाली आपल्याकडे निदान तीन वेगळी झाडे खपतात. मोरपंखीची पाने उभ्या चपट्या पंख्यांसारखी असतात, आणि हिरवा पाला नसलेल्या तिच्या जुन्या तपकिरी लाकडातून सहसा पुन्हा फूट येत नाही. सुरू तर सूचिपर्णी वृक्षच नव्हे; त्याच्या ज्या सुया दिसतात त्या पेरे असलेल्या बारीक डहाळ्या असतात. तिसरे अरौकॅरिया, ज्याच्या फांद्या खोडाभोवती एकेका मजल्यासारख्या आडव्या पसरतात. आपले झाड यांपैकी कोणते? उंची किती, भिंतीपासून अंतर किती, जवळून विजेची तार जाते का, आणि घर नगरपरिषदेच्या हद्दीत येते का?

द्राक्षबाग_तासगाव
झाड कोणतेही असो, छाटणीला घाबरू नये. आम्ही एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो तेव्हा वेलीवर नावालाही पान राहत नाही, आणि तरीही ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत मांडव भरलेला असतो. कापल्यावर जखमेला बोर्डो पेस्ट लावावी. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर.

किल्ल्याखालचे_घर
मजल्यांसारख्या फांद्या असलेलेच झाड आहे. उंची ४० फूट तरी असेल. घराच्या भिंतीपासून ९ फुटांवर आहे आणि घरात येणारी विजेची तार वरच्या फांद्यांना जवळजवळ टेकते. घर शाहूपुरीत आहे. झाड दक्षिणेला, म्हणजे शेजाऱ्यांच्या गच्चीकडे झुकलेले आहे. बाकी विशेष काही नाही.

सूचिपर्णी
मग हा अरौकॅरिया आहे, आणि तासगावच्या बंधूंचा द्राक्षाचा दाखला इथे लागू पडत नाही. द्राक्षाच्या काडीवरचा प्रत्येक डोळा नवी काडी देऊ शकतो. अरौकॅरियामध्ये मात्र शेंड्याचा स्वभाव आणि बाजूच्या फांदीचा स्वभाव कायमचे वेगळे असतात. शेंडा कापला तरी बाजूची फांदी वळून त्याची जागा घेत नाही. ती आडवीच वाढत राहते. कापलेल्या जागेखाली खोडातच दडलेले कोंब जागे होतात आणि एकाऐवजी दोन, तीन किंवा अधिक नवे शेंडे सरळ वर निघतात. त्यामुळे झाड थोडे दिवस बुटके दिसते आणि मग अनेक डोक्यांचे होते. घेराच्या बाबतीतही तेच आहे. फांद्यांची टोके कापत बसल्याने त्यांचा डौल परत येत नाही. तळाची एखादी फांदी वाटेत येत असेल तर ती पूर्ण काढावी, पण खोडाला जिथे मिळते तिथले फुगीर कडे राखून.

द्राक्षबाग_तासगाव
डोळ्यांविषयीचे म्हणणे मान्य आहे. मग पॅक्लोब्युट्राझोल द्यावे. कोकणात हापूसच्या बुंध्याशी ते देतात आणि झाडाची वाढ आवरली जाते. मी स्वतः आंब्याच्या चार झाडांना देऊन पाहिले आहे.

सूचिपर्णी
ते द्रव्य झाडातील जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची निर्मिती रोखते, त्यामुळे पुढची वाढ आखूड होते. आधीच ४० फूट झालेले झाड त्याने एक इंचही खाली येणार नाही, आणि आंब्याची मात्रा या झाडाला अंदाजाने लावणे मला पटत नाही.

कृष्णाकाठ_सांगली
माझा अनुभव वेगळा आहे. भिंतीच्या बाजूने दोन फूट खोल चर खणून मुळे तोडली की झाडाची वाढ खुंटते. आमच्या अंगणातील रामफळाला हा उपाय लागू पडला.

निवृत्त_बांधकाम
हा सल्ला कृपया कोणीही अमलात आणू नये. साताऱ्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, जमीन आठवडेच्या आठवडे भिजलेली असते, आणि अशा वेळी एका बाजूची मुळे तोडलेले ४० फुटी झाड उभे राहण्याचा भरवसा उरत नाही. रामफळ ते केवढे आणि हे केवढे! भिंतीची काळजी असेल तर आधी पाया आणि जोत्याला तडे गेले आहेत का ते पाहावे. माझ्या मते भिंतीपासून ९ फुटांवर असे झाड ठेवूच नये. भावना बाजूला ठेवून ते काढावे आणि तिथे लिंबू किंवा पारिजातक लावावा.

बाग_हाच_ध्यास
छाटलेल्या फांद्या टाकून देऊ नयेत. वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात लावल्यास त्यांना मुळे फुटू शकतात आणि नवी रोपे मिळतात.

सूचिपर्णी
मुळे फुटली तरी बाजूच्या फांदीपासून केलेले रोप जमिनीलगत आडवेच वाढते, ख्रिसमसच्या झाडाचा आकार घेत नाही. उभे झाड हवे असेल तर शेंड्याचे कलम किंवा बी लागते. धागा मात्र उंचीविषयी आहे, तिकडेच राहूया.

किल्ल्याखालचे_घर
सर्वांचे आभार. पण झुकण्याविषयी कोणीच बोलले नाही. शेजाऱ्यांना भीती त्याचीच आहे.

वनस्पती_अभ्यासक
याचे उत्तर बहुधा झाडाच्या जातीतच आहे. अरौकॅरियाची नॉरफोक पाईन ही जात म्हणून विकली जाणारी बरीच रोपे प्रत्यक्षात त्याचीच न्यू कॅलेडोनियातील दुसरी जात, कूक पाईन, असतात, आणि ही जात विषुववृत्ताकडे झुकून वाढते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतील २५६ झाडे मोजली गेली आणि सरासरी कल साडेआठ अंशांच्या आसपास आढळला. विषुववृत्ताच्या उत्तरेकडील झाडे दक्षिणेला झुकतात, दक्षिणेकडील झाडे उत्तरेला. म्हणून आपले झाड दक्षिणेला झुकलेले असणे, एवढ्यावरून ते पडायला आले आहे असे ठरत नाही. चिंता करायची ती कल अचानक वाढला असेल, उत्तरेच्या बाजूने बुंध्याशी माती उचललेली दिसत असेल किंवा जमिनीला भेग पडली असेल तर. आज पाहून सांगावे. वर शेंडा एकच आहे ना?

किल्ल्याखालचे_घर
माती पाहिली, सपाट आहे आणि भेग नाही. शेंडे तीन आहेत. चार वर्षांपूर्वी झाड गच्चीच्या कठड्यापर्यंत आले तेव्हा आम्ही ते एकदा कापले होते. ते सांगण्याजोगे वाटले नाही. तेव्हाही पाच वर्षे बघायला नको असेच ऐकले होते. आता तिन्ही शेंडे १२-१३ फुटांचे झाले आहेत.

सूचिपर्णी
हे पहिल्याच दिवशी समजायला हवे होते, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. शेंडा एकदा कापला, तीन आले. आता निम्म्यावर कापले तर त्याच्याखाली पुन्हा तेच घडेल, आणि कापलेल्या जाड खोडात पाणी मुरून ते आतून कुजण्याचा धोका वेगळाच. आजचा खरा धोका उंचीचा नसून त्या बेचक्याचा आहे. एकाच जागेतून निघालेले तीन शेंडे जाड होताना एकमेकांना रेटतात, मध्ये साल दबते आणि जोड कच्चा राहतो. वाऱ्यात फाटलाच तर तिथे फाटतो. तिघांपैकी सर्वांत सरळ आणि भक्कम जोडाचा शेंडा ठेवावा, उरलेल्यांपैकी गच्चीकडचा आधी काढावा, दुसरा आता फक्त अर्धा करावा आणि पावसाळा संपल्यावर जोडापासून पूर्ण काढावा. शेंडे दोर बांधून तुकड्यातुकड्यांनी उतरवावेत. त्या दिवशी महावितरणकडून तारेचा पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नये. मात्र हे झाड जमिनीत राहून १५ फुटांचे होणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. ते छोटे ठेवायचे असते तर कुंडीतच ठेवायला हवे होते.

निवृत्त_बांधकाम
माझे मत कायम आहे, पण छाटायचे असो वा काढायचे, आधी अर्ज करावा. शाहूपुरी आता नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, त्यामुळे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो, आणि त्यात झाड तोडणे म्हणजे केवळ बुंध्यातून कापणे नव्हे, झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही त्यात येते. वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, झाडाची चारही बाजूंची छायाचित्रे आणि शेजाऱ्यांची लेखी तक्रार जोडावी. ती तक्रार इथे आपल्याच उपयोगाची आहे.

किल्ल्याखालचे_घर
रविवारी येणाऱ्याला येऊ नका म्हणून कळवले आहे. आज गच्चीवरून दुर्बिणीने बेचके पाहिले. मधला शेंडा सरळ आहे. गच्चीकडच्या शेंड्याच्या जोडात साल आत दबल्याची उभी रेघ दिसते आणि तिथून डिंकासारखा चीक ओघळून वाळला आहे. शेजाऱ्यांनाही वर बोलावून ते दाखवले. ते तक्रार लिहून द्यायला तयार आहेत, पण त्यात त्यांनी झाड काढा असे न लिहिता तो एक शेंडा काढा असे लिहिले आहे. उद्या सकाळी अर्ज घेऊन जातो. बुंध्याचा घेर जमिनीपासून किती उंचीवर मोजून लिहायचा, ते कोणी आज रात्री सांगू शकेल का?

निवृत्त_बांधकाम
छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे साडेचार फुटांवर. फीत आडवी सरळ धरावी.