सीएनजीवर पी०१७१ येतो, पेट्रोलवर नाही. ऑक्सिजन सेन्सर बदलू का?

घाटवाट: १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, मॅप सेन्सरवाली (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा). बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट, ७८,००० किमी. कोड पी०१७१, म्हणजे बँक १ लीन (हवेच्या मानाने इंधन कमी). फ्रीझ फ्रेम (कोड पडला त्या क्षणाची नोंद): २,३५० आरपीएम, लोड ६८%, कूलंट ८९ अंश, शॉर्ट टर्म ट्रिम +९, लाँग टर्म +१७ (ट्रिम म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, ईसीयूने, इंधनात केलेली वाढ-घट, टक्क्यांत). कोड पुसला की गॅसवर दोन दिवसांत परत हजर. नुसत्या पेट्रोलवर चालवली तर येत नाही. गॅरेजवाले पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतात.

लांबदांडा: सेन्सरला हात लावू नका. तोच सेन्सर पेट्रोलवर नीट काम करतोय ना? तुमचे ९ आणि १७ मिळून +२६ होतात, तेही चढावर किंवा दाबून चालवताना. म्हणजे मागणी वाढली की गॅस कमी पडतोय.

एक तपासणी घरीच करा. गाडी पूर्ण गरम करून पेट्रोलवर आयडल आणि २,५०० आरपीएमला दोन्ही ट्रिमची बेरीज लिहून घ्या. मग गॅसवर टाका, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लिहा. बघायची ती बेरीज. नुसता लाँग टर्मचा आकडा फसवतो, कारण तो हळू सरकतो: गॅसवर शिकलेले +१७ पेट्रोलवर गेल्यावरही काही वेळ तसेच राहतात आणि शॉर्ट टर्म उणे जाऊन ते भरून काढतो. सकाळी पेट्रोलवर स्टार्ट करताना पेट्रोलचा वास येतो, सायलेन्सरचं तोंड काळं दिसतं, ते याचमुळे. थंड इंजिनात सेन्सरचं ऐकलंच जात नाही, शिकलेलं जादा पेट्रोल मात्र जातं.

रेल_आणि_रिड्युसर: आयडलला बेरीज ठीक आणि लोडवर वाढते, असं निघालं तर आधी लो प्रेशर फिल्टर. रिड्युसर (गॅसचा दाब उतरवणारा) आणि इंजेक्टर रेल यांच्यामधला, मुठीएवढा. सीएनजीसोबत पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल येतं, कागद काळा चिकट होतो.

बदलताना बाटलीचा व्हॉल्व्ह बंद करा, लाइनमधला गॅस संपून गाडी आपोआप पेट्रोलवर जाईपर्यंत इंजिन चालू ठेवा, मगच क्लॅम्प सोडा. मोकळ्या जागेत, आणि आसपास विडी-सिगारेट नको. ओ रिंग नव्या घाला. व्हॉल्व्ह उघडल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी.

ट्यूनरकडे लॅपटॉप असेल तर गॅस ईसीयूतलं प्रेशर बघायला सांगा: आयडलला किती, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबल्यावर किती. घसरलं तर फिल्टर किंवा रिड्युसर. जागेवर राहिलं तर इंजेक्टर किंवा मॅप (गॅस ईसीयूतला इंधनाचा तक्ता, मॅप सेन्सर नव्हे). काही ट्यूनर पहिल्याच झटक्यात मॅप वाढवून देतात. तसं करू देऊ नका. फिल्टर बदलल्यावर तोच मॅप रिच (इंधन जास्त) होतो आणि पी०१७२ घेऊन पुन्हा त्यांच्याकडेच जावं लागतं.

प्लगमास्तर: प्लगही काढून बघा. गॅसला ठिणगी जास्त ताकदीची लागते. झिजून गॅप १.१ मिमीच्या वर गेला असेल तर दाबल्यावर मिसफायर होतो, न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि ईसीयू त्याला लीन समजतो. मिसफायरचे पी०३०० किंवा पी०३०१ ते पी०३०४ पैकी काही पेंडिंगमध्ये (नोंदलेले, पण अजून दिवा न लावलेले कोड) आहे का? गॅसवर साधारण ०.७ ते ०.८ ठेवा.

बाकी व्हॅक्यूम पाइपच्या मागे लागू नका. मॅप सेन्सरच्या गाडीत हवा गळली तर सेन्सर ती दाबात मोजतोच. त्यामुळे लीन कोडपेक्षा आयडल चढलेलं दिसतं.

घाटवाट: मिसफायरचा कोड नाही. बेरीज पेट्रोलवर +२ आणि +३. गॅसवर आयडलला +६, २,५०० ला +१४. प्रेशर आयडलला १.८५ बार, दाबल्यावर १.२.

रेल_आणि_रिड्युसर: फिल्टर बदला आणि प्रेशर परत मोजा. तरीही १.५ च्या खाली गेलं तर रिड्युसर उघडावा लागेल. कोड त्यानंतरच पुसा, आणि पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा, ती कोडबरोबर उडते. मग दोन-तीनदा चढ घेऊन पेंडिंग कोड बघा. दिवा लागायची वाट बघत बसू नका.