मदत हवी आहे: समोरच्या जर्मन आजींनी आमच्या दाराला पाटी लावली, तक्रार कुठे करायची?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तर द्या, शुक्रवारच्या आत काहीतरी ठरवायचंय. आम्ही आठ महिन्यांपूर्वी जर्मनीत आलो, मी, बायको आणि चार वर्षांची लेक. काल रविवारी संध्याकाळी समोरच्या जर्मन आजींनी आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवली आणि एक शब्द न बोलता आत निघून गेल्या. याआधीही जिन्यात भेटल्या की खाली बोट दाखवून काहीतरी बोलायच्या, आम्ही बी वन पर्यंत जर्मन शिकून आलोय तरी त्यांचं बोलणं कळत नाही. पण मागच्या आठवड्यात मात्र नीट कळेल असं बोलल्या, "तुमच्याकडे इंडियात चालत असेल, इथे नाही." बायको त्या रात्री जेवली नाही. आमचं घर आरशासारखं लख्ख असतं, भारतीय म्हणजे अस्वच्छ हे आम्ही का ऐकून घ्यायचं? घरमालकाला ईमेल लिहून तयार आहे, त्यात वंशभेद हा शब्द घालू का, आणि अजून कुठे तक्रार करता येते, एवढंच सांगा. जर्मन माणसं थंड असतात हे ऐकून होतो पण इतकी?

शेवगा
दादा, पाटीवर काय लिहिलंय? आणि गाव कुठलं? हे दोन्ही सोडून बाकी सगळं लिहिलंय तुम्ही.

आडवाटेचा
गाव कुठलंही असो, ईमेल पाठवा. मी 2000 साली ग्रीन कार्ड योजनेत आलो, जर्मनीच्या श्रोडर सरकारने परदेशी आयटीवाल्यांसाठी काढली होती ती. त्याच वर्षी नॉर्थ ऱ्हाइन वेस्टफालियाच्या निवडणुकीत रुटगर्स नावाच्या पुढाऱ्याच्या प्रचारावरून "किंडर श्टाट इंडर" ही घोषणा गाजली, म्हणजे भारतीयांच्या ऐवजी आपली मुलं. मी तेव्हा तिथेच राहत होतो आणि ट्राममध्ये बसलो की लोक आपल्याकडेच बघतायत असं वाटायचं. तेव्हा गप्प बसलो त्याचं आजही वाईट वाटतं. 2006 पासून भेदभावाविरुद्ध कायदा आहे, आंटीडिस्क्रिमिनीरुंग्सश्टेले नावाचं केंद्र सरकारचं कार्यालयही आहे, तिथे फुकट सल्ला मिळतो. लिहा त्यांना.

शेवगा
तो कायदा घरमालकाने घर देताना, कंपनीने नोकरी देताना वगैरे भेदभाव केला तर लागतो. शेजारीण जिन्यात बोलली त्याला कसा लावणार? उगाच पळवू नका त्यांना. आधी पाटीचं कळू दे.

हडसनकाठी
आमच्या न्यू जर्सीत सोसायटीवाले गवत चार इंच वाढलं तरी पत्र पाठवतात, तेव्हा हे सगळीकडे आहे. मी तर म्हणेन घरच बदला. आणि पासपोर्टचं काम राहिलं असेल तर लगेच करून घ्या, जर्मनीने जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्व चालवलंय.

शेवगा
जर्मनीने चालवलं तरी भारत चालवत नाही हो. आणि ते आठ महिन्यांपूर्वी आलेत.

गोदाकाठ
गाव श्टुटगार्टजवळ, बोब्लिंगन. पाटीवर "केरवोखे" एवढंच लिहिलंय, खाली झाडूचं चित्र. फोनवर भाषांतर केलं तर झाडण्याचा आठवडा असं आलं. म्हणजे सरळसरळ टोमणाच ना? तेवढं कायद्याचं बोला कोणीतरी.

कोथरूडची_चिमणी
अरे भाऊ, थांब, ती ईमेल अजिबात पाठवू नकोस!! मी एकोणीस वर्षं याच भागात राहते. केरवोखे म्हणजे जिना झाडायची पाळी. श्वाबेन भागातली, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासची ही रीत आहे, आणि आपल्याला शब्द लक्षात ठेवायला सोपा, केर काढायचा आठवडा. ज्याच्या दाराला पाटी त्याची या आठवड्याची पाळी, रविवारी संध्याकाळपर्यंत काम झालं की आपण उठून ती पुढच्या बिऱ्हाडाच्या दाराला अडकवायची. धाकटी केरवोखे म्हणजे आपल्या मजल्याचा जिना नि कठडा, थोरली म्हणजे तळघराचा रस्ता, फाटक, फुटपाथ. चाळीत नळाच्या पाळ्या असायच्या तशी. 1492 मध्ये श्टुटगार्टच्या शहर नियमांत दर आठवड्याला आपली घाण बाहेर नेऊन टाका असं घातलं होतं, तिथपासून लोक हिचा इतिहास सांगतात. शहराने सक्ती 1988 मध्ये मानफ्रेड रोमेल महापौर असताना उठवली, आता ती घराच्या करारातून येते. तुझ्या मीटफरट्रागला, म्हणजे भाडेकराराला जोडलेली हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीची नियमावली काढून बघ, त्यात असणारच. आठ महिन्यांत पाळी कितीदा येऊन गेली असेल आणि तुमच्या वाटणीचं कोणी केलं असेल, विचार कर.

आणि बोली कळत नाही त्यात तुझा दोष नाही, ती इथली बोली, श्वेबिश आहे, हॅम्बर्गच्या माणसालाही अवघड जातं. या राज्याने, बाडेन व्युर्टेम्बर्गने, 1999 पासून जाहिरातच केली होती, आम्हाला सगळं येतं, प्रमाण जर्मन सोडून.

आडवाटेचा
पाटीचं मान्य, मला माहीत नव्हतं, बर्लिनला आल्यापासून असलं काही बघितलं नाही. पण "तुमच्याकडे इंडियात चालत असेल" हे केरवोखे नाही ना ताई? एका घराने जिना झाडला नाही यावरून दीडशे कोटी लोकांवर बोट दाखवायचं, याला मी दुसरं नाव देणार नाही. आपण प्रत्येक वेळी रीत समजून घ्यायची आणि त्यांनी काहीच समजून घ्यायचं नाही का?

कोथरूडची_चिमणी
वाक्य वाईटच आहे, मी त्याची बाजू घेत नाही. मलाही सुरुवातीच्या वर्षांत ऐकावं लागलंय, एका बाईने विचारलं होतं की तुमच्यात मुलींना शाळेत घालतात का, आणि मी तेव्हा पीएचडी करत होते. पण धागाकर्त्यानेही जर्मन लोक थंड असतात म्हणून आठ कोटी लोकांवर शिक्का मारलाय, तो कोणालाच खटकला नाही. माझ्या बाळंतपणात नवरा दौऱ्यावर असताना खालच्या मजल्यावरच्या बाई रोज सूप आणून द्यायच्या, तीन आठवडे, दारात डबा ठेवून बेल वाजवून जायच्या. आत येऊन बसल्या नाहीत एकदाही. त्यांची माया अशीच असते, ती ओळखायला मला वेळ लागला.

मीठभाकर
सोपा उपाय: केक. इथे ज्याचा वाढदिवस तोच केक नेतो, आणि आधी शुभेच्छा दिलेल्या चालत नाहीत, अपशकुन मानतात. घरी केलेला केक घेऊन जा, सगळं सुरळीत होईल. मी बेसनाचे लाडू नेले होते, फार आवडले.

शेवगा
केक नंतर. गोदाकाठ, त्या वाक्याच्या आधी नक्की काय झालं होतं? आजी जिन्यात उभ्या राहून आपोआप तर बोलल्या नसतील.

गोदाकाठ
हे महत्त्वाचं वाटलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं. शनिवारी लेकीचा वाढदिवस केला, वीसेक माणसं होती, साडेअकरापर्यंत चाललं. चपला जिन्यात काढल्या होत्या, आत जागाच नव्हती. रविवारी सकाळी रिकाम्या बाटल्या काचेच्या कचऱ्याच्या पेटीत टाकायला मी खाली गेलो, परत येताना त्या बोलल्या. आठ महिन्यांत एकच कार्यक्रम केलाय हो आम्ही. आणि करार बघितला, पान 11 वर केरवोखे आहे. ईमेल ठेवलीये बाजूला.

शेवगा
रात्री दहानंतर नाख्टरूहे, म्हणजे रात्रीची शांतता, रविवारी दिवसभर शांतता, काचेच्या पेटीत रविवारी बाटल्या टाकायच्या नसतात, आवाज होतो, पेटीवर वेळ लिहिलेली असते. रविवार हा विसाव्याचा दिवस म्हणून इथे राज्यघटनेतच आहे, 1919 च्या वायमार घटनेतलं कलम तसंच पुढे घेतलंय, म्हणून दुकानंही बंद. आणि जिना म्हणजे आग लागली तर पळायची वाट, चपलांचा ढीग त्यांना धोक्याचा वाटतो. पुढच्या वेळी दोन दिवस आधी खाली चिठ्ठी लावा, अमुक तारखेला लेकीचा वाढदिवस आहे, थोडा आवाज होईल, दार वाजवलंत तरी चालेल. आमच्या इमारतीत विद्यार्थीसुद्धा लावतात.

अजून एक, आजींच्या बेलवर आडनाव काय आहे? पूर्ण लिहू नका, शेवट सांगा.

गोदाकाठ
शेवटी इच आहे. त्याने काय होतं?

शेवगा
मग त्या जर्मन असतीलच असं नाही. अशी आडनावं बरीचशी जुन्या युगोस्लाव्हियातली, म्हणजे आताच्या क्रोएशिया, सर्बियाकडची असतात. जर्मनीचा युगोस्लाव्हियाशी कामगार करार 1968 मध्ये झाला, 1973 मध्ये भरती थांबेपर्यंत तिकडून पुष्कळ लोक या भागातल्या कारखान्यांत आले. विचारा एकदा.

सह्यकडा
अवांतर: बोब्लिंगनमध्ये ताजा कढीपत्ता कुठे मिळतो? आणि कुकरच्या शिट्ट्यांवरून कोणाला त्रास झालाय का, आमच्या खालच्यांना ती धोक्याची घंटा वाटते. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून जोडशहरं आहेत म्हणे, पण शिट्टी कोणाला माहीत नाही.

मीठभाकर
कढीपत्त्याचं रोप लावा, थंडीत आत घ्या. कुकरचं म्हणाल तर विजेचा घ्या.

गोदाकाठ
अपडेट. शनिवारी जिना झाडला, पुसला, कठड्याच्या सळयांमधली धूळसुद्धा काढली. मी शेवटच्या पायरीवर असताना आजी बाहेर आल्या, कठड्याच्या खालून बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली. मी विचारलं तुम्ही मूळच्या कुठल्या, तर क्रोएशियाच्या, 1970 मध्ये एकोणीस वर्षांच्या असताना आल्या, शिवणाच्या कारखान्यात. त्यांची तेव्हाची घरमालकीण पांढरा रुमाल घेऊन जिना तपासायची आणि म्हणायची, तुमच्या बाल्कनमध्ये (म्हणजे त्यांच्या युगोस्लाव्हियाकडे) चालत असेल. अगदी हेच शब्द. मी म्हटलं, मग आम्हाला तुम्ही तेच का म्हणालात? त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, रात्रभर झोप नव्हती, चिडले होते. माफी मागितली नाही. आठ महिने आमच्या मजल्याचा जिना त्याच झाडत होत्या, गुडघा धरून.

बायकोला सांगितलं, ती म्हणाली ज्यांनी ते स्वतः ऐकलंय त्यांनी तर मुळीच बोलायला नको होतं. मी तिला लगेच विसर म्हणणार नाही.

आडवाटेचा
वहिनींचं बरोबर आहे. पण तुम्ही तोंडावर विचारलंत हे फार चांगलं केलंत. मी पंचवीस वर्षांत कोणाला विचारलं नाही.

मीठभाकर
लाडू न्याच. आजींच्या गुडघ्याचंही विचारा.

गोदाकाठ
नेतो. शेवटचा प्रश्न, पाळ्यांच्या तक्त्यात डिसेंबरात थोरली केरवोखे आमच्याकडे आहे. म्हणजे बर्फही आम्हीच काढायचा? मीठ टाकलं तर चालतं का? आणि मी त्या आठवड्यात नाशिकला असेन.

कोथरूडची_चिमणी
हो, तुम्हीच, साधारण सकाळी सातच्या आत. बऱ्याच गावांत फुटपाथवर मीठ टाकायला मनाई असते, बारीक खडी मिळते ती टाक, नगरपालिकेच्या पानावर बघ. आणि नाशिकला जाणार असशील तर आत्ताच कोणाशी तरी पाळी बदलून घे, तक्त्यावर दोघांनी सही करा. आजींना मात्र सांगू नकोस, वरच्या मजल्यावर तरुण कोणी असेल त्याला विचार.